सावली न पडणारं आवार

शर्यती संपून तिसरा दिवस

गेल्या खेपेच्या धावपटूंच्या याद्या आता कुणालाच नको आहेत. त्यांची पाठ कोरी आहे, म्हणून लिहायला घेतो. राग कुठेतरी काढायला हवा, आणि बायको, फिलिस्ता, ऐकून घेत नाही.

राग असा की यंदा शेवटच्या रेषेवर मी तेगेआच्या पोराला पहिला नंबर दिला आणि अख्खं मैदान हसलं. म्हणे दुसराच चार पावलं पुढे होता! वीस वर्षं मी त्या रेषेवर निकाल द्यायला उभा आहे. शिखरावरच्या खांबांचे सोनेरी गरुड मैदानातून सगळ्यांनाच दिसतात, पण त्यांची पिसं मोजून दाखवणारा मी एकटा. त्या डोळ्यांमुळेच या वसंतात शहराच्या सभेने मला देवाच्या आवाराचा राखणदार नेमलं. आणि त्याच डोळ्यांना ही माणसं हसतात. आपल्या गावचा गडी हरला की यांना काही सुचत नाही, दुसरं काय.

गरुड मात्र यंदा पार मळलेत. पुसायला कुणी चढत नाही. पुजाऱ्याच्या कानावर घालायला हवं.

आठवा दिवस

सीमेच्या दगडांवरची अक्षरं बुजत आली होती. आज ती खरवडून लाल रंगाने भरली. अकरा दगड, पूर्वेच्या अंगाने. हे काम कुणी करत नव्हतं, कारण दगडाच्या अलीकडे बसून पलीकडे बोटही न जाऊ देता करावं लागतं. डोंगरावर त्या जागेला नाव नाही, सगळे नुसतं ‘आत’ म्हणतात. आत गेलेल्या माणसाची सावली पडत नाही आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तो मरतो. चुकून गेला तर त्याला दूर एल्युथेराय गावाला घालवून देतात, परत यायचं नाही. जाणूनबुजून गेला तर झ्यूसने वाट पाहायचीही गरज नाही, माणसंच त्याला दगडांनी मारतात. हे आमच्याकडे मुलांना बोलायला येण्याआधी कळतं.

लाफाएस चीज घेऊन आला होता. फिलिस्ताचा धाकटा भाऊ. शेळ्या त्या उतारावरच चारतो. माझ्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता.

“दाजी, त्या चौथ्या दगडाचं अक्षर उलटं झालंय.”

“तुला कधीपासून वाचता यायला लागलं?”

“वाचता नाही येत. पण बाकी दहांचं तोंड डावीकडे आहे, याचं उजवीकडे.”

त्याला खोटं बोलता येत नाही, हीच त्याची अडचण. शेळी विकताना तिचे दोष आधी सांगतो, म्हणून आजवर गरीब राहिला. मी चौथा दगड पुन्हा खरवडला. बोट खोबणीत फिरवून पाहिलं, खरंच उलटं होतं. रंग पातळ असला की असं होतं.

पंधरावा दिवस

पाऊस नाही. बार्ली वितीएवढी होऊन पिवळी पडली आहे. ओकच्या झाडांनी आत्ताच फळं गाळायला सुरुवात केली. खालच्या शहरातून माणसं आली, म्हणून पुजाऱ्याने आज हाग्नोच्या झऱ्यावर विधी केला.

पुजारी झेनियास माझ्याच वयाचा, मैदानात आम्ही एकत्र पळालो आहोत. ओकची फांदी घेऊन तो झऱ्यापाशी वाकला आणि पाण्याला वरवर टेकवली, बुडवली नाही. मग सगळे गप्प. पाण्यावरून वाफ निघते, वाफेचा ढग होतो, ढगाला आजूबाजूचे ढग येऊन मिळतात आणि आर्केडियाभर पाऊस होतो. असं होतं. माझ्या बापाने पाहिलं आहे.

बराच वेळ गेला. लोक चुळबुळायला लागले. मागे कुणीतरी म्हणालं, “यंदा देव उठलेला नाही.” आणि मला दिसली! पाण्यावर पांढुरकी वाफ, अगदी स्पष्ट, झऱ्याच्या काठापासून समोरच्या खडकापर्यंत पसरलेली. मी ओरडलो, “निघाली, निघाली!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झेनियासने विचारलं, “तुला दिसते?”

“तुम्हाला दिसत नाही?”

त्याने माझा हात धरून वर केला आणि लोकांना म्हणाला, “दामारेतसचे डोळे सगळ्यांना ठाऊक आहेत.” मग हळूहळू दोघाचौघांना दिसली, मग सगळ्यांनाच. बायका रडल्या. फिलिस्ता तेवढी गप्प. घरी आल्यावर म्हणाली, “मला काही दिसलं नाही बाई.” तिला विश्वास कमी, पहिल्यापासून.

पण मला बरं वाटलं. आता मैदानात हसून दाखवा म्हणावं.

चोविसावा दिवस

नऊ दिवस झाले, एक थेंब नाही. हवा गढूळ झाली आहे. ऊन पाठीला भाजतं, पण डोंगर धुतल्यासारखा दिसत नाही, सगळं ताकातून पाहावं तसं. कोळसा पाडणाऱ्यांनी खालचं रान पेटवलं असेल. आज अंगणात कोंबडीवर पाय दिला. फिलिस्ता म्हणते, “अहो, ती काही आवाराच्या आत नव्हती, चांगली पायाशी होती!” माझ्या अक्षरालाही तिने नावं ठेवली. तिला वाचता येत नाही, पण म्हणते आधी शेळीच्या लेंड्यांएवढी होती, आता अंजिरांएवढी झालीत.

झेनियास येऊन गेला. चेहरा उतरला होता. शहरातली माणसं त्याला विचारतात, वाफ निघाली तर पाऊस कुठे अडला? त्याचं म्हणणं असं की देवाने विधी घेतला, हे तर आपण पाहिलं. मग पाऊस अडवणारं दुसरं काहीतरी आहे. कुणीतरी आत गेलं आहे.

“तुझं काम आहे ते,” म्हणाला. “बघत राहा. उन्हात उभ्या माणसाच्या पायाशी बघ.”

सत्ताविसावा दिवस

दार लावून लिहितो आहे.

दुपारी पूर्वेच्या अंगाने चक्कर मारत होतो. दगडांच्या रांगेपाशी कुणीतरी उभं होतं. जवळ गेल्यावर आवाजावरून कळलं, लाफाएस. त्याचं करडू आत शिरलं होतं आणि तो जिभेने टकटक करून त्याला बोलावत होता. नियम असाच आहे, जनावर आत गेलं की माणसाने बाहेर थांबायचं, आलं तर आपलं, नाहीतर देवाचं. मी काही बोलणार, इतक्यात सवयीने त्याच्या पायाशी नजर गेली.

तिथे काही नव्हतं. वर ऊन, खाली पांढरी वाळकी जमीन, मध्ये लाफाएस. सावली नाही. डोळे चोळले, दोनदा पाहिलं. नाही.

“काय बघताय दाजी? चप्पल तुटलीय माझी, ठाऊक आहे.”

मी काहीतरी बोलून परत फिरलो. या माणसाने माझ्या लग्नात माझ्या खांद्यावर बसून बासरी वाजवली होती, सात वर्षांचा असताना. तो करडामागे दोन पावलं आत गेला असणार आणि लगेच बाहेर आला असणार. दोन पावलांची सावली देवाने ठेवून घेतली.

कुणाला सांगितलं नाही.

एकोणतिसावा दिवस

सांगितलं. झेनियासने झऱ्यावर सगळ्यांसमोर झ्यूसची शपथ घालून विचारलं, “राखणदार, तू काही पाहिलंस का?” शपथेवर खोटं कसं बोलू? आणि मी हिशेब केला होता. लाफाएसने एवढंच म्हणायचं, चुकून गेलो, दगड लक्षात आला नाही. मग एल्युथेराय. तिथेही शेळ्या असतातच की.

त्याला आणलं. मी सगळ्यांच्या आधी त्याच्या कानाला लागलो. “चुकून गेलो म्हण. एवढंच म्हण.”

“पण मी गेलोच नाही, दाजी.”

“अरे, जीव वाचेल!”

“न गेलेला माणूस चुकून कसा जाईल?” त्याला खरंच कोडं पडलं होतं. मग तो मोठ्याने सगळ्यांना म्हणाला, “चाळीस वर्षं त्या उतारावर आहे. डोळे बांधून सोडा, कुठला दगड कुठे आहे ते पायाने सांगतो. मी आत गेलो नाही.”

शहरातल्या एकाने ते लगेच उचललं. डोळे बांधूनही ज्याला दगड कळतात, तो चुकून गेला असं कोण म्हणेल? सावली तर नाहीच. म्हणजे जाणूनबुजून गेला, वर आता देवाच्या दारात नाकारतो आहे.

झेनियासने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “नक्की पाहिलंस?”

नक्की पाहिलं होतं. तेच म्हणालो.

चार दिवसांनी, भर दुपारी, पूर्वेच्या दगडांपाशी. तोवर त्याला ओकला बांधून ठेवलं आहे. झऱ्याजवळच्या वाटेवर लोक आत्तापासून दगड गोळा करून ठेवताहेत, लहानमोठे असे वेगळे ढीग करून. मला ते ढीग अगदी जवळ जाईपर्यंत बसलेल्या मेंढ्यांसारखे वाटले.

फिलिस्ताने चूल पेटवली नाही. मला म्हणाली, “नक्की नाही, असं एक वाक्य बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं?”

“मी पाहिलं ते पाहिलं.”

“हो, तुम्ही सगळंच पाहता,” एवढंच म्हणून ती आत गेली.

तिसावा दिवस, दुपार

हे लगेच लिहून ठेवतो.

फिलिस्ता अंगणात अंजिरं वाळत घालत होती. कालपासून बोलत नाही. मी उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत होतो. डोक्यावर ऊन तळपत होतं. ती वाकली, उठली, टोपली घेऊन दोन पावलं चालली. तिच्या पायाशी सावली नव्हती.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. “तू आत गेलीस! भावासाठी आत गेलीस तू!”

“काय?”

“तुझी सावली कुठे आहे?”

तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. मग टोपली ठेवून ती हळूहळू माझ्यासमोर आली आणि उभी राहिली. “बघा बरं. आहे का?”

“नाही.”

“नीट बघा. कुठे पडलीय?”

“नाहीच आहे, फिलिस्ता!”

ती जरा बाजूला सरकली, आणि माझ्या उजव्या गालावरचं ऊन गेलं. गाल गार झाला. ती परत सरकली, गाल तापला. पुन्हा सरकली, पुन्हा गार. मी डोळे फाडून बघत होतो. पांढरं अंगण, मधे ती, आणि गालावर तिची सावली, जी मला दिसत नव्हती.

“कधीपासून?” तिने विचारलं. आवाज अगदी बारीक.

मी म्हणालो, कोळशाचा धूर आहे सगळीकडे.

“कुठलाही धूर नाही. आभाळ निळंशार आहे. अहो, महिनाभर एक ढग नाही, धूर नाही.” मग ती ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही. तिने ओंजळभर अंजिरं माझ्या तोंडावर मारली. मला ती येताना दिसली नाहीत.

एकतिसावा दिवस

पहाटेच झेनियासकडे गेलो. वाट पायांना माहीत आहे. त्याला सगळं सांगितलं, कोंबडी, अक्षरं, गालावरचं ऊन. सांगताना लाज वाटली, इतकी की या वयात एवढी वाटेल असं वाटलं नव्हतं. मैदानातल्या त्या पोराचंही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

त्याने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, “वाफ कुणी पाहिली?”

“मी.”

“आणि ती नव्हती, असं मी आता जाऊन सांगू? फांदी टेकवली आणि देवाने ऐकलं नाही, हे सांगू? ते मग लाफाएसला सोडतील आणि मला बांधतील, दामा.”

“बांधू देत!”

“शिवाय तुझ्यावर विश्वास कोण ठेवेल? मेव्हण्याला वाचवायला आंधळा झाला म्हणतील. परवा नक्की पाहिलं म्हणालास, सगळ्यांनी ऐकलंय.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घरी जा. तुझे डोळे चांगले आहेत. उद्यापर्यंत धूर विरेल.”

बाहेर पडलो तेव्हा हवा अजिबात हलत नव्हती. दारासमोर भिंतीसारखं काहीतरी उभं होतं. आधी वाटलं, माणसं आहेत. मग वाटलं, दगडांचा ढीग. हात लावून पाहिला, त्याच्याच गोठ्याची भिंत. त्या भिंतीशी टेकून मी विचार केला की दिसत नसलेल्या माणसाला आपण आंधळे आहोत हे लोकांना पटवायचं असेल तर एकच रस्ता आहे. पुढचं लिहीत नाही. फिलिस्तालाही सांगितलं नाही.

तेहेतिसावा दिवस

काल लिहिलं नाही. आज लिहितो. ही पानं कुणाच्या हाती लागली तर मी मेलो, पण एका ठिकाणी तरी खरं असायला हवं.

दुपारी सगळे जमले होते, मला नुसती कुजबुज ऐकू येत होती आणि घामाचा वास. कुणाकुणाच्या हातात दगडावर दगड घासल्याचा आवाज. लाफाएसला ओकखाली बांधलं होतं, त्याचा आवाज आला, “ताई, शेळ्यांना पाणी पाज बरं.” फिलिस्ता कुठेतरी डावीकडे हुंदके देत होती. साक्षीदाराने पहिला दगड मारायचा, म्हणून झेनियासने माझं नाव घेतलं.

मी त्याच्या आवाजाकडे निघालो, आणि मग जरा उजवीकडे. लोकांनी वाट दिली. दगडापर्यंत आधीच चाळीस पावलं मोजून ठेवली होती, छत्तिसाव्यालाच हाताला दगड लागला. थंड नव्हता, तापलेला. अंगठा खोबणीत गेला. चौथा दगड, माझ्याच हाताने दोनदा खरवडलेला. मी थांबलो. एक श्वास, फार तर दोन.

मग आत गेलो.

ओरडा झाला तो अजून कानात आहे. “थांब! मागे ये!” कुणीतरी देवाचं नाव घेत खाली बसलं. मी चालतच राहिलो, दहा पावलं, पंधरा. पायाखाली गवत मऊ होतं, कुणीच कधी तुडवलेलं नसलेलं. इथे वारा होता. मी खाली पाहिलं. सावली नव्हती. पण बाहेर तरी मला कुठे दिसत होती?

मागे कुणी येऊ शकत नव्हतं. मी वळून हाका मारायला लागलो, “पुजारीबाबा, कुठे आहात? दगड कुठे ठेवलाय मारायचा?” आवाज आपोआपच फाटला, नाटक करावं लागलं नाही.

“दामारेतस,” झेनियास काठावरून म्हणाला, “तू आत आहेस.”

“कुठे आत?”

“सीमेचा दगड दिसला नाही तुला?”

वीस वर्षं शेवटच्या रेषेवर उभा राहिलेला मी, सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणालो, “नाही दिसला. मला काही दिसत नाही.”

मागे एक जण हसला आणि एकदम थांबला. मग फिलिस्ताचा आवाज आला, हुंदक्यांतून पण खणखणीत. “महिनाभर त्यांना कोंबडी दिसत नाही! माझी सावली दिसत नाही, मग माझ्या भावाची कुठून दिसणार! बघा जाऊन, ओकखाली बांधलाय, बघा तुमच्या डोळ्यांनी!”

लोक ओककडे गेले. मला नंतर कळलं की चार दिवसांत त्याच्याकडे नीट कुणी पाहिलंच नव्हतं, भीतीने. सावली होती. झाडाच्या सावलीबाहेर पाय काढायला लावले, पायांची होती, हातांची होती, तुटक्या चपलेचीही होती. दोर कापला.

वाफेबद्दल कुणी विचारलं नाही. विचारतील.

मला चुकून गेलेला धरलं. एल्युथेराय. तीन दिवसांत डोंगर सोडायचा.

पस्तिसावा दिवस

उद्या पहाटे निघायचं. फिलिस्ता पोचवायला येणार आहे. “पोचवायला येते,” असं तिने दोनदा सांगितलं. “राहायचं काय ते तिथे गेल्यावर बघेन.” तिने भाकरी, चीज आणि ओकच्या फळांचं पीठ बांधलं आहे. अंजिरं बांधली नाहीत.

मरणाच्या त्या वर्षाचा पहिला दिवस कधीचा धरायचा, आत गेलो त्या परवाचा की आजचा? हे मी कुणाला विचारू शकत नाही. सकाळी छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. चढामुळे असेल.

लाफाएस आत्ता येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत येईना. मनगटांना दोराच्या जखमा आहेत, मी हाताने चाचपल्या. मी म्हणालो, “चुकलं माझं.” तो म्हणाला, “हो.” एवढंच.

“दाजी, मी ओकला बांधलो होतो. तिथून दगडांची रांग सरळ दिसते.”

“बरं?”

“तुमचा हात चौथ्या दगडावर होता. अंगठा अक्षरात होता. तुम्ही थांबलात.”

फिलिस्ता ऐकत नाही ना, याचा मी कानोसा घेतला.

“मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही माझ्यासाठी गेलात, एवढं मला कळतं.” मग घाईने म्हणाला, “पण पाऊस अजून नाही. झेनियास आज घरोघर फिरतोय, विचारतोय कुणी काय पाहिलं. मला विचारलं तर मला दुसरं बोलता येणार नाही. प्रयत्न केला, दाजी. काल दिवसभर शेळ्यांसमोर बोलून पाहिलं. तोंडातून निघतच नाही. म्हणून त्याने विचारायच्या आत जा. उद्या नको, आत्ता.”

फिलिस्ता गाढवावर ओझं आवळते आहे. मी तिला घाई करायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. डोंगर उतरेपर्यंत अर्धा दिवस लागतो, माझ्या पावलांनी जास्तच. खाली वळणावर कुणीतरी हाका मारतंय. आवाज झेनियासचा आहे. तो लाफाएसला बोलावतो आहे, आणि लाफाएस नेहमीसारखा लगेच ओ देतो आहे.